डोळ्यांची रोजची काळजी: एकेक डोळा झाकून बघा, आणि घरातलं काहीही आत घालू नका

दोन्ही डोळे उघडे असले की एकाचं उणेपण दुसरा भरून काढतो. त्यामुळे एका डोळ्याची नजर बरीच खालावेपर्यंत माणसाला पत्ताच लागत नाही. डोळ्यांच्या ओपीडीत हे नेहमी दिसतं. साठीचे गृहस्थ चष्म्याचा नंबर बघायला येतात, डावा डोळा झाकायला सांगितला की म्हणतात, "अहो, उजव्याने तर काहीच दिसत नाहीये!" हे कधीपासून, ते त्यांना सांगता येत नाही. मोतीबिंदू निघाला तर त्यावर चांगला उपाय आहे. काचबिंदू निघाला, म्हणजे बहुधा डोळ्यातला दाब वाढून नजरेची नस सुकत गेली असेल, तर गेलेली नजर परत येत नाही.

डोळा लाल झाला, खुपला, चुरचुरला की मात्र उलटं होतं. तेव्हा घरातलं प्रत्येक माणूस काहीतरी सुचवतं: गुलाबपाणी घाल, मध घाल, तूप सोड, मागच्या वेळची बाटली कपाटात आहे ती टाक. न दुखणाऱ्या आजाराकडे दुर्लक्ष आणि दुखणाऱ्या डोळ्यावर नको ते उपचार, या दोन्हींमुळे वाचवता येण्यासारखी नजर जाते. पुढचं सगळं त्यासाठीच लिहिलं आहे.

महिन्यातून एकदा: कॅलेंडर, तळहात आणि गणिताची वही

ही तपासणी पाच मिनिटांची आहे. चाळिशी ओलांडलेल्या आणि मधुमेह असलेल्या प्रत्येकाने ती करावी.

१. भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर अशी जागा ठरवा, की तिथून तारखांचे मोठे आकडे सहज आणि चौकोनातली बारीक अक्षरं जेमतेम वाचता येतील. दर महिन्याला जागा तीच आणि उजेडही तसाच हवा. लांबचा चष्मा असेल तर तो लावून बघा.

२. तळहाताने एक डोळा झाका. बोटांनी झाकलं तर फटीतून दिसत राहतं, आणि डोळा दाबला गेला तर हात काढल्यावर थोडा वेळ अंधूक दिसतं. म्हणून हाताची हलकी वाटी करून झाकायचं.

३. उघड्या डोळ्याने वाचा, मग दुसऱ्याने. दोन्हींत फरक आहे का? गेल्या महिन्यात दिसत होतं ते आज दिसतंय का?

४. आता मुलांची चौकटीची गणिताची वही घ्या. एका कोऱ्या पानाच्या मधोमध पेनाने ठळक ठिपका काढा. वाचायचा चष्मा लावा, वही वाचताना धरतो तेवढ्या अंतरावर धरा, एक डोळा झाका आणि फक्त ठिपक्याकडे बघा. आजूबाजूच्या रेषा सरळ दिसायला हव्यात. त्या वाकड्या, लाटेसारख्या दिसल्या किंवा मधला एखादा भाग पुसल्यासारखा वाटला, तर डोळ्याच्या आत मागे असलेल्या पडद्याच्या (रेटिनाच्या) मध्यभागी काहीतरी बिघडलं आहे. आठवड्याभरात नव्हे, एक-दोन दिवसांत डॉक्टरांकडे जा.

या तपासणीची मर्यादाही लक्षात ठेवा. काचबिंदूत आधी कडेची नजर जाते, समोरची अक्षरं बराच काळ स्वच्छ दिसतात. तो अशा घरगुती तपासणीत सापडत नाही. त्याबद्दल पुढे.

लहान बाळाला अक्षरं कशी विचारणार? त्याला खेळण्यात गुंतवा आणि हळूच एक डोळा झाका. मग दुसरा. एक डोळा झाकल्यावर बाळ खेळत राहिलं, पण दुसरा झाकला की हात झटकून रडायला लागलं, आणि असं पुन्हापुन्हा झालं, तर उघडा राहिलेला तो डोळा अधू असण्याची शक्यता आहे. हे कुठल्याही आईला-आजीला करता येतं.

डोळ्यात औषध घालायची पद्धत

बरेचसे थेंब गालावरून ओघळतात, आणि "औषध लागू पडत नाही" अशी तक्रार सुरू होते. पद्धत अशी:

आधी हात साबणाने धुवा. बाटलीवरचं नाव वाचा, अगदी रोजची असली तरी. कानाचे थेंब, इतकंच काय, चिकटवायचा गोंदसुद्धा डोळ्यात घातल्याचे प्रकार घडतात, कारण बाटल्या सारख्या दिसतात. डोळ्याचं औषध वेगळ्या डब्यात ठेवणं हा त्यावरचा साधा उपाय.

मान मागे टाका, किंवा आडवेच व्हा. खालची पापणी बोटाने हलकेच खाली ओढा, तिथे खोबण तयार होते. वर बघा आणि त्या खोबणीत एकच थेंब सोडा. बाटलीचं टोक पापणीला, केसांना, बोटाला लागू देऊ नका. मग डोळा अलगद मिटा आणि नाकाजवळचा कोपरा बोटाने दोन मिनिटं दाबून धरा. तिथून औषध नाकावाटे घशात उतरतं. कडू चव लागते ती त्यामुळेच. काचबिंदूच्या काही औषधांनी नाडीचा वेग मंदावतो, दमेकऱ्यांना धाप लागते, म्हणून हे दाबणं विशेष महत्त्वाचं.

दोन थेंब घातले तर दुप्पट गुण येत नाही. डोळ्यात मावतं तेवढं औषध एका थेंबात असतंच, उरलेलं बाहेर वाहतं. दोन वेगळी औषधं असतील तर मध्ये पाच मिनिटं जाऊ द्या. मलम असेल तर ते सगळ्यांत शेवटी. बाटली उघडली त्या दिवशी तिच्यावर तारीख लिहा आणि साधारण चार आठवड्यांनी ती टाकून द्या, अर्धी भरलेली असली तरी. एकाची बाटली दुसऱ्याला देऊ नका.

डोळ्यात काही गेलं तर

धूळ, चिलट, पापणीचा केस गेला तर चोळू नका. स्वच्छ पाण्याने डोळा धुवा, पाण्यात उघडझाप करा. बहुतेक वेळा एवढ्यावर भागतं. रुमालाच्या टोकाने, जिभेने, काडीने काढायला जाऊ नका. कण बुबुळावर रुतलेला दिसत असेल, किंवा धुऊनही दोन-तीन तासांनी खुपत असेल, तर डॉक्टरांकडेच काढून घ्या.

तीन गोष्टींबद्दल मात्र थोडं थांबून सांगायला हवं.

पहिली म्हणजे चुना. तंबाखूबरोबर खायच्या चुन्याची पुडी किंवा ट्यूब घरात कुठेही पडलेली असते. मूल ती दाबतं, ती फुटते आणि चुना थेट डोळ्यात उडतो. चुना अल्कली आहे. आम्लाची इजा बहुधा वरच्या थरापाशी अडते; अल्कली मात्र आत झिरपत राहते आणि काही मिनिटांत बुबुळ पांढरं होऊ शकतं. अशा वेळी दवाखाना शोधत बसू नका. जिथे आहात तिथेच, हाताशी असेल ते पिण्याचं किंवा नळाचं पाणी डोळ्यावर सलग अर्धा तास ओतत राहा. पापण्या बोटांनी उघड्या धरा. चुन्याचे कण दिसले तर ओल्या स्वच्छ कापडाने टिपून घ्या, वरच्या पापणीखालीही ते दडून बसतात. लिंबू, दूध, तूप काही नको, फक्त पाणी. धुऊन झालं की थेट डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. अ‍ॅसिड, फिनेल, बॅटरीचं पाणी गेलं तरी हेच करायचं. घरात लहान मूल असेल तर चुन्याची पुडी वरच्या फळीवर ठेवा. नाहीतर तंबाखूच सोडून द्या.

दुसरी म्हणजे पिकाचं पातं. उसाचं पान, भाताची लोंब, ज्वारीचं धाट लागून बुबुळाला ओरखडा पडतो. ऊसतोडीच्या हंगामात हे सर्रास होतं. आधी फक्त खुपतं, पाणी येतं. पण पानांवर बुरशी असते, ती जखमेत शिरली की चार-आठ दिवसांनी बुबुळावर पांढरट डाग दिसू लागतो. या बुरशीचं औषध वेगळं असतं, आणि ते आठवडेच्या आठवडे घालावं लागतं. अशा डोळ्यात मेडिकलमधून आणलेला स्टेरॉइडचा (सूज-लाली दाबणाऱ्या औषधाचा) थेंब गेला, तर लाली तात्पुरती कमी होते आणि आत बुरशी माजते. मग डॉक्टरांपुढे डोळा वाचवण्याचाच प्रश्न उरतो. शेतात डोळ्याला पात लागली आणि दुसऱ्या दिवशीही डोळा लाल असला, तर काम खाडा करून जा. त्या दिवसाची मजुरी बुडते हे खरं आहे, पण बुबुळावरची जखम वाढली तर महिन्यांची बुडते. तोडणीला जाताना साधा पारदर्शक प्लॅस्टिकचा चष्मा लावला तरी बरंच वाचतं.

तिसरी, वर्कशॉपमधली. ग्राइंडरची ठिणगी बुबुळात रुतली की तिथे गंजाचं वर्तुळ तयार होतं. शेजारी काम करणाऱ्याने सुईने काढून देऊ नये. हातोडा-छिन्नीचं काम करताना कण जोरात उडून डोळ्यात घुसला असेल, तर बाहेरून काही दिसत नसलं तरी तो आत गेलेला असू शकतो. असा डोळा धुऊ नका, दाबू नका. कागदी कप उपडा ठेवून वरून चिकटपट्टी लावा आणि हॉस्पिटल गाठा. वेल्डिंगच्या उजेडाकडे उघड्या डोळ्यांनी पाहिलं तर त्रास काही तासांनी, बहुधा रात्री सुरू होतो. वाळू गेल्यासारखं वाटतं, डोळे उघडवत नाहीत. हे दोन-एक दिवसांत भरून येतं. मात्र बधिर करणारे थेंब घरी नेऊन घालत राहू नका. त्यांनी दुखणं थांबतं आणि जखम भरायचीही थांबते.

डोळे आले, आता काय

२०२३ च्या जुलैमध्ये आळंदी-पुणे भागातून सुरू झालेली डोळ्यांची साथ राज्यभर पसरली होती, ती अनेकांना आठवत असेल. पावसाळ्यात हे थोड्याफार प्रमाणात दर वर्षी होतं.

डोळे आलेल्या माणसाकडे बघून डोळे येत नाहीत. काळा चष्मा त्याला उजेडाचा त्रास होऊ नये म्हणून असतो, इतरांच्या बचावासाठी नाही. संसर्ग हातांनी पसरतो: डोळा पुसला, तोच हात दाराच्या कडीला, मोबाईलला, टॉवेलला लागला, तिथून दुसऱ्याच्या हाताला आणि त्याच्या डोळ्याला. म्हणून टॉवेल, उशी, रुमाल वेगळे ठेवा, हात वारंवार धुवा, आणि मुलाला शाळेत पाठवू नका.

साथीतले बहुतेक डोळे विषाणूने येतात, आणि एक-दोन आठवड्यांत आपोआप बरे होतात. अँटिबायोटिक थेंबांचा विषाणूवर परिणाम होत नाही. उकळून गार केलेल्या पाण्यात कापूस बुडवून चिपडं पुसा, प्रत्येक डोळ्याला वेगळा बोळा, आतल्या कोपऱ्याकडून बाहेर. गार पाण्याची घडी ठेवा. घट्ट पिवळी चिपडं येत असतील, उजेड सहन होत नसेल, नजर धूसर झाली असेल, किंवा नवजात बाळाचे डोळे आले असतील, तर घरी थांबू नका. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्याचा डोळा लाल झाला तर त्याला "साथ आहे" म्हणून सोडून देऊ नये. लेन्स लगेच काढावी आणि त्याच दिवशी दाखवावं. लेन्स नळाच्या पाण्याने धुणं आणि लेन्ससकट झोपणं, दोन्ही बुबुळाच्या जंतुसंसर्गाला आमंत्रण आहे.

बाटलीवर ही नावं आहेत का, बघा

डेक्सामेथासोन, बेटामेथासोन, प्रेडनिसोलोन, लोटेप्रेडनॉल. ही स्टेरॉइड आहेत. बरेचदा अँटिबायोटिकसोबत एकाच बाटलीत असतात, म्हणून वेगळी लक्षात येत नाहीत. डॉक्टरांच्या देखरेखीखाली ती फार मोलाची औषधं आहेत. तक्रार ती स्वतःच्या मनाने घालण्याबद्दल आहे.

सगळ्यांत जास्त नुकसान होतं ते डोळ्यांना खाज येणाऱ्या मुलांचं. उन्हाळ्यात कोरड्या हवेच्या भागात शाळकरी मुलं डोळे चोळचोळ चोळतात. अ‍ॅलर्जी असते. कुणीतरी एक बाटली लिहून देतं, दोन दिवसांत आराम पडतो, आणि मग पालक तीच बाटली महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षे आणत राहतात. स्टेरॉइडने डोळ्यातला दाब वाढतो, काहीही न दुखता नजरेची नस सुकत जाते. लहान वयात मोतीबिंदूही होतो. अशा मुलाला सुरक्षित अ‍ॅलर्जीचे थेंब मिळू शकतात, गार पाण्याच्या घड्या आहेत, आणि चोळणं थांबवणं हा उपचाराचाच भाग आहे, कारण सततच्या चोळण्याने बुबुळ पातळ होऊन पुढे येऊ शकतं. घरात अशी बाटली महिनाभरापेक्षा जास्त चालू असेल, तर या आठवड्यात डोळ्याचा दाब तपासून घ्या.

मुलं, मोबाईल आणि वाढता नंबर

"चष्मा लावला की नंबर वाढतो का?" नाही. मूल वाढतं तसा डोळ्याचा गोळा लांब होतो, म्हणून मायनस नंबर वाढतो. चष्मा न लावल्याने तो थांबत नाही, उलट एका डोळ्याला जास्त नंबर असेल तर मेंदू त्या डोळ्याचं चित्र वापरणं सोडून देतो. याला आळशी डोळा म्हणतात. सात-आठ वर्षांच्या आत चष्मा आणि चांगल्या डोळ्यावर पट्टी असे उपचार झाले तर नजर छान सुधारते, नंतर ते अवघड होत जातं. म्हणून शाळेत घालण्याआधी एकदा तपासणी करा, मुलाची तक्रार नसली तरी. तक्रार नसतेच, कारण त्याला सगळ्यांना असंच दिसतं असं वाटत असतं. मुलीला चष्मा लागला हे लपवणारी घरं अजूनही आहेत. तिचा डोळा कायमचा अधू होणं चष्म्यापेक्षा फार वाईट आहे, एवढंच त्यांना सांगावंसं वाटतं.

मायनस नंबर लागणं टाळायला किंवा लांबवायला उघड्यावर खेळण्याचा खरोखर उपयोग होतो. रोज सुमारे दोन तास दिवसाउजेडी बाहेर. ते जमत नसेल तर निदान शाळेत चालत जाऊ द्या. वेगाने नंबर वाढणाऱ्या मुलांसाठी अट्रोपीनचे अगदी सौम्य थेंब असतात, ते डॉक्टर ठरवतील.

तिरळेपणा भाग्याचा नसतो. तीन-चार महिन्यांच्या पुढच्या बाळाचा डोळा तिरका राहत असेल तर दाखवा. फ्लॅशने काढलेल्या फोटोत एका डोळ्याची बाहुली लाल न दिसता पांढरी दिसली, तर त्याच आठवड्यात दाखवा. पडद्याचा कर्करोग किंवा मोतीबिंदू असू शकतो, आणि लवकर कळलं तर बाळ वाचतं. बाळाला काजळ घालू नका. त्याने डोळे मोठे होत नाहीत, आणि काही काजळात शिसं असतं.

मोठ्यांच्या स्क्रीनबद्दल थोडक्यात: स्क्रीनकडे बघताना आपण पापण्या फार कमी वेळा मिटतो, डोळे कोरडे पडतात. दर २० मिनिटांनी २० फुटांपलीकडे २० सेकंद बघा आणि मुद्दाम पापण्या मिटा. एसीचा किंवा पंख्याचा झोत तोंडावर घेऊ नका. निळा प्रकाश अडवणाऱ्या काचांनी हा थकवा कमी होतो असं दिसून आलेलं नाही, त्यावर वेगळे पैसे घालवू नयेत असं माझं मत आहे.

चाळिशीनंतर

पेपर लांब धरावा लागला की वाचायचा चष्मा लागला. हा आजार नाही, डोळ्यातलं भिंग ताठर होतं. पण त्या निमित्ताने फक्त दुकानातून चष्मा न आणता एकदा पूर्ण तपासणी करा: डोळ्यातला दाब, आणि नजरेची नस. आई-वडील किंवा भावंडांपैकी कुणाला काचबिंदू असेल तर ही तपासणी दर वर्षी हवी. काचबिंदूचं औषध नजर वाढवत नाही, उरलेली टिकवतं. त्यामुळे "फरक पडला नाही" म्हणून ते सोडू नका.

मोतीबिंदू थेंबांनी, मधाने विरघळत नाही. तो "पिकेपर्यंत" थांबायचीही गरज नाही, तो जुना काळ गेला. रोजची कामं अडायला लागली, रात्री समोरच्या गाडीच्या दिव्यांनी दिपायला लागलं, की शस्त्रक्रियेची वेळ झाली. उलट फार पिकू दिला तर शस्त्रक्रिया अवघड होते. सरकारी रुग्णालयात ती मोफत होते. महागडी लेन्स म्हणजे हमखास जास्त चांगली नजर, असं नसतं. साध्या लेन्सनेही लांबचं उत्तम दिसतं, वाचायला चष्मा लागतो. शस्त्रक्रियेनंतर डोळा दुखू लागला, लाल झाला किंवा दिसणं कमी झालं, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी परत जा.

मधुमेह असेल तर वर्षातून एकदा बाहुली मोठी करून पडदा तपासायलाच हवा, अक्षरं सगळी वाचता येत असली तरी. पडद्यावरची सूज आणि रक्तस्राव सुरुवातीला जाणवत नाहीत. तपासणीनंतर चार-सहा तास जवळचं अंधूक दिसतं आणि ऊन खुपतं, म्हणून दुचाकीवर एकटे जाऊ नका.

काही छोटे प्रश्न

गाजराने चष्मा जातो का? नाही. अ जीवनसत्त्व डोळ्यांना हवंच, ते शेवग्याचा पाला, अळू, राजगिऱ्याची पालेभाजी, पपई, आंब्यातूनही मिळतं. मुलांना ९ महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी त्याचा डोस मिळतो, तो चुकवू नका. डोळा लवतो? बहुतेकदा जागरण आणि चहा. रांजणवाडी? दिवसातून चार वेळा दहा मिनिटं शेक द्या, फोडू नका. सकाळी उठल्यावर पांढऱ्या भागात रक्ताचा लालभडक डाग, पण दुखत नाही आणि दिसतं स्वच्छ? एक-दोन आठवड्यांत जातो, रक्तदाब तेवढा मोजा.

याला उद्यावर ढकलू नका

अचानक एका डोळ्याने दिसेनासं झालं, दुखत नसलं तरी. विजा चमकल्यासारखं दिसलं, काळे ठिपके एकदम वाढले किंवा कडेने पडदा ओढल्यासारखं वाटलं. एकाची दोन चित्रं दिसू लागली. डोळ्याला जोराचा मार लागला, फटाका उडाला.

आणि एक हमखास चुकणारं: एका बाजूचं डोकं जबरदस्त दुखतं, उलट्या होतात, दिव्याभोवती रंगीत वलयं दिसतात. घरचे पित्त म्हणतात, सोडा देतात, रात्र काढतात. अशा वेळी डोळा बघा. तो लाल असेल आणि नजर धूसर असेल, तर तो काचबिंदूचा तीव्र झटका असू शकतो. काही तासांत डोळ्यातला दाब उतरवला तर डोळा वाचतो.

जाताना चालू असलेले सगळे थेंब बाटल्यांसकट न्या, जुना चष्मा न्या, रक्तदाब-मधुमेहाच्या गोळ्यांची पाकिटं न्या. डोळ्यात घरचं काही घातलं असेल तर तेही सांगा, संकोच करू नका. त्यावरून पुढचं औषध ठरतं.